फॉस्फेट कुठे बसलं, कधी निघालं: पेशीविभाजनावर वाचकांचे प्रश्न

गेल्या महिन्यात कर्करोगाच्या गाठींबद्दल लिहिताना ओघात एक वाक्य आलं होतं: पेशीने विभागायचं की थांबायचं, हे तिच्या प्रथिनांवर फॉस्फेट बसतंय की निघतंय यावर ठरतं. त्या वाक्याने बरीच पत्रं आणली. तासगावकडच्या बागायतदारांनी ते खताच्या अंगाने घेतलं, मिरजेच्या मुलांनी परीक्षेच्या, आणि काही घरांनी औषधाच्या. सारखे प्रश्न एकत्र केले आहेत. आजारपणाच्या पत्रांतले खासगी तपशील अर्थातच गाळले आहेत.

प्रश्न (मिरज, बी.एस्सी. दुसरं वर्ष): सर, फॉस्फेट म्हणजे एक फॉस्फरस आणि थोडे ऑक्सिजन. एवढंसं काहीतरी चिकटल्यावर अख्खी पेशी दोन व्हायला निघते, हे पटत नाही. पुस्तकात नुसतं 'प्रथिन सक्रिय होते' असं लिहिलंय.

'सक्रिय होते' लिहून मार्क मिळतात, म्हणून पुस्तकंही तिथेच थांबतात. तुमची शंका रास्त आहे. विभाजनातलं मुख्य प्रथिन म्हणजे सीडीके-1. ते 297 अमिनो आम्लांचं, साधारण 34,000 डाल्टन (रेणूंचं वजन मोजायचं एकक) वजनाचं. फॉस्फेट बसल्यावर त्यात 80 डाल्टनची भर पडते, म्हणजे वजनात काही फरक नाही. फरक पडतो विद्युतभारात. सेरिन, थ्रिओनिन आणि टायरोसिन या तीन अमिनो आम्लांच्या टोकाला हायड्रॉक्सिल गट असतो, त्याच्यावर भार नसतो. कायनेज नावाचं एन्झाइम एटीपी या पेशीला ऊर्जा पुरवणाऱ्या रेणूचं शेवटचं फॉस्फेट काढून तिथे बसवतं आणि त्या जागी जवळपास दोन ऋणभार येतात. शेजारचे धनभारित भाग तिकडे ओढले जातात, ऋणभारित भाग दूर सरकतात, प्रथिनाची एखादी घडी उघडते किंवा मिटते. कधी घडी हलतही नाही, पण दुसऱ्या एखाद्या प्रथिनाला तिथे येऊन धरता येतं. इतकंच घडतं, आणि इतकं पुरतं.

आता सीडीके-1 वरच्या दोन जागा बघा. 161 क्रमांकाच्या थ्रिओनिनवर फॉस्फेट बसलं की तिथला वळसा बाजूला होतो आणि ज्या प्रथिनावर काम करायचं त्याला नीट बसायला जागा मिळते. हे फॉस्फेट नसेल तर सीडीके-1 काही कामाचं नाही. पण 15 क्रमांकाच्या टायरोसिनवर किंवा त्याला लागून असलेल्या 14 क्रमांकाच्या थ्रिओनिनवर बसलं, की तेच प्रथिन ठप्प होतं, कारण या जागा एटीपी जिथे बसतं त्याच्या अगदी तोंडाशी आहेत. तेव्हा 'फॉस्फोरिलेशन म्हणजे चालू' असं वहीत लिहिलं असेल तर खोडा. एकाच प्रथिनावर एक फॉस्फेट परवानगी देतं आणि दुसरं अडवतं.

आता वेळेचं. सीडीके-1 ला सायक्लिन-बी या प्रथिनाची जोड लागते. विभाजनाच्या आधी कित्येक तास सायक्लिन साठत असतं, जोड्या तयार होत असतात, 161 वरचं फॉस्फेटही बसलेलं असतं. तरी पेशी हलत नाही, कारण वी-1 नावाचं कायनेज 15 व्या जागेवर फॉस्फेट बसवून सगळ्या जोड्या दाबून ठेवतं. मग सीडीसी-25 हे फॉस्फटेज, म्हणजे फॉस्फेट काढणारं एन्झाइम, ते काढून टाकतं. विभाजनाचा शेवटचा इशारा फॉस्फेट बसण्याचा नसून निघण्याचा आहे, हे वर्गात सांगायचं राहूनच जातं.

मोकळं झालेलं सीडीके-1 मग स्वतःच सीडीसी-25 वर फॉस्फेट बसवून त्याचा जोर वाढवतं आणि वी-1 वर बसवून त्याला गप्प करतं. विहिरीवरच्या मोटरीचा स्टार्टर ज्याने उघडून पाहिलाय त्याला हे लगेच कळेल. हिरवं बटण दाबून बोट काढलं तरी मोटर चालू राहते, कारण आत ओढला गेलेला कॉन्टॅक्टर स्वतःच्याच कॉइलला करंट देत राहतो. बटण अर्धवट दाबलं तर काही होत नाही, आणि एकदा खट् झालं की बोटाची गरज उरत नाही. बंद करायला लाल बटणच लागतं. पेशीलाही अधेमधे लटकून चालत नाही. अर्धवट विभागलेली पेशी बहुधा मरते, नाहीतर बिघडलेली निघते.

पेशीचं लाल बटण म्हणजे सायक्लिनचा नाश. ही गोष्ट कशी दिसली ते सांगण्यासारखं आहे. 1982 च्या उन्हाळ्यात टिम हंट अमेरिकेत वुड्स होलला सी-अर्चिन या समुद्री प्राण्याच्या अंड्यांवर काम करत होते. फलन झालेल्या अंड्यांना किरणोत्सारी अमिनो आम्ल दिलं, म्हणजे नव्याने बनणारं प्रत्येक प्रथिन ओळखता येईल. थोड्या थोड्या वेळाने नमुना काढायचा, जेलवर चालवायचा, फिल्मवर पट्टे बघायचे. बहुतेक पट्टे अपेक्षेप्रमाणे गडद होत गेले. एक पट्टा मात्र गडद होत जाई, अंडं विभागायच्या सुमारास पुसला जाई, पुन्हा उगवे आणि पुढच्या विभाजनाला पुन्हा पुसला जाई. ते सायक्लिन होतं.

चालू झालेलं सीडीके-1 करतं काय, हा तुमच्या प्रश्नाचा उरलेला भाग. ते आणि त्याची साथीदार कायनेजं हजारो जागांवर फॉस्फेट बसवतात. केंद्रकाच्या आतल्या बाजूला लॅमिन प्रथिनांची जाळी असते. तिच्या दुव्यांवर फॉस्फेट आलं की जाळी सुटी होते आणि केंद्रकाचं आवरण विरघळतं. गुणसूत्रं गुंडाळणाऱ्या कंडेन्सिन या प्रथिनावर आलं की गुणसूत्रं आखडून जाड होतात. म्हणजे पुस्तकात प्रोफेज या विभाजनाच्या पहिल्या अवस्थेखाली जी लक्षणं पाठ करता, त्यातलं एकेक लक्षण कुठल्या ना कुठल्या प्रथिनावरच्या फॉस्फेटचं आहे.

प्रश्न (इस्लामपूर): हे सगळे प्रयोग यीस्ट आणि समुद्री अंड्यांवरचे. माणसालाही हेच लागू आहे हे कशावरून?

तुमच्यासारखीच शंका तेव्हा शास्त्रज्ञांनाही होती. पॉल नर्स यांच्याकडे यीस्टचा एक वाण होता, ज्यात सीडीके-1 चं जनुक बिघडलेलं. तापमान वाढवलं की त्या पेशी लांबत जात, पण विभागत नसत. मेलानी ली आणि नर्स यांनी त्या यीस्टमध्ये माणसाच्या जनुकांचा संचच सोडला आणि कुठल्या पेशी पुन्हा विभागायला लागतात ते पाहिलं. काही लागल्या. त्यांच्यात शिरलेलं माणसाचं जनुक वाचलं तर ते यीस्टच्या जनुकाचं सख्खं भावंड निघालं. हे 1987 मध्ये प्रसिद्ध झालं. यीस्ट आणि माणूस यांचे पूर्वज वेगळे होऊन शंभर कोटी वर्षांच्या आसपास झाली असावीत, तरी एकाचा सुटा भाग दुसऱ्याला बसतो! नर्स, हंट आणि लीलँड हार्टवेल यांना 2001 चं नोबेल मिळालं. फॉस्फेट बसवून-काढून प्रथिनाचं काम बदलता येतं हे त्याआधी, 1950 च्या दशकात, सशाच्या स्नायूतल्या एन्झाइमवर एडविन क्रेब्ज आणि एडमंड फिशर यांनी दाखवलं होतं. त्यांना नोबेलसाठी 1992 पर्यंत थांबावं लागलं.

प्रश्न (तासगाव तालुका, द्राक्ष बागायतदार): फॉस्फेटमुळे पेशी विभागतात असं तुम्ही लिहिलंत. मग मणी सेट झाल्यावर 0:52:34 हे खत जास्त मारलं तर मण्यातल्या पेशी वाढून साइज मिळेल का? आणि सीपीपीयू नेमकं काय करतं?

नाही मिळणार. माझं वाक्य असं वाचलं जाईल असं वाटलं नव्हतं, पण प्रश्न चांगला आहे.

0:52:34 मध्ये स्फुरद आणि पालाश आहे. स्फुरद कमी पडलं तर विभाजन मंदावतं हे खरं, कारण नवीन डीएनए, पेशीचं पटल आणि एटीपी यांना ते लागतंच. पण पुरेसं झाल्यावर आणखी ओतून काही हाती लागत नाही. कायनेज फॉस्फेट उचलतं ते एटीपीकडून. पेशीत एटीपी एवढं असतं की बहुतेक कायनेजांना त्याची ददात नसते, म्हणून एटीपी आणखी वाढलं तरी त्यांचा वेग वाढत नाही. कुठल्या प्रथिनाच्या कुठल्या जागेवर कधी बसवायचं, हे ठरवणारी यंत्रणा निराळी आहे आणि तिला टाकीतल्या खताचा हिशेब कळत नाही. शिवाय आपल्याकडच्या चुनखडीच्या जमिनीत दिलेल्या स्फुरदातलं बरंचसं कॅल्शियमशी बांधलं जातं, आणि स्फुरद अति झालं की जस्त-लोहाची ओढ सुरू होते. देठ परीक्षण करा, त्यात स्फुरद कमी आलं तर द्या, नसेल तर तो पैसा मजुरीला ठेवा. विरळणी वेळेवर झाली तर साइज त्याने जास्त मिळेल.

सीपीपीयूची गोष्ट वेगळी आहे आणि ती आपल्या विषयाच्या जवळची आहे. ते सायटोकायनिन या संप्रेरकासारखं काम करतं. सायटोकायनिन ज्या प्रथिनाला येऊन भिडतं, ते प्रथिन स्वतःच एक कायनेज आहे. पण ते सेरिन-थ्रिओनिनवालं नाही, हिस्टिडिनवालं. ते आधी स्वतःच्या हिस्टिडिनवर फॉस्फेट बसवतं, मग तेच फॉस्फेट स्वतःच्या दुसऱ्या टोकाच्या अस्पार्टेटकडे जातं, तिथून एका छोट्या प्रथिनाच्या हिस्टिडिनवर. ते छोटं प्रथिन केंद्रकात जाऊन फॉस्फेट पुढच्या प्रथिनाला देतं. हे शेवटचं प्रथिन जनुकं चालू करतं, त्यांत सायक्लिन-डी घराण्यातलंही एक जनुक असतं. सायक्लिन-डी वाढलं की थांबलेली पेशी पुन्हा विभाजनाच्या वाटेला लागते. अरबिडॉप्सिस या प्रयोगशाळेतल्या मोहरीवर्गीय रोपट्यात ही साखळी कडी-कडीने उलगडली आहे.

मात्रेकडे बघा म्हणजे फरक लक्षात येईल. 0:52:34 तुम्ही लिटरला ग्रॅममध्ये घालता, सीपीपीयू दहा लाखांत एक-दोन भाग. पहिलं अन्न आहे, दुसरा निरोप.

आणि निरोपाला वेळ असते. मण्यातल्या पेशींचं विभाजन मुख्यतः सेटिंगनंतरच्या पहिल्या काही आठवड्यांत उरकतं. त्यानंतर असलेल्या पेशी फुगतात. मण्यात पाणी उतरायला लागल्यावर पेशींची संख्या वाढायची आशा सोडा. त्या वेळी सीपीपीयू मारलं तर पदरात पडते ती फक्त जाड साल आणि उशिरा भरणारी गोडी. बेदाण्याला माल जाणार असेल तर जाड साल वाळताना नडते, ते वेगळंच. जीएचा, म्हणजे जिबरेलिक आम्ल या संप्रेरकाचा, रस्ता आणखी निराळा. ते वाढ रोखून धरणारी डेला नावाची प्रथिनं मोडीत काढायला लावतं, त्यामुळे पेशी लांबतात आणि थोड्याफार विभागतातही. डिपिंगची, म्हणजे घड द्रावणात बुडवण्याची, मात्रा आणि वेळ मी सांगणार नाही, तो माझा प्रांत नव्हे. मांजरीच्या राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्राच्या शिफारशी वाणानुसार असतात, त्या पाहा. थॉमसन या वाणाचं वेळापत्रक जसंच्या तसं दुसऱ्या वाणाला लावू नका.

प्रश्न (सांगली, विश्रामबाग): आईला स्तनाच्या कर्करोगासाठी पाल्बोसिक्लिब सुरू आहे, 21 दिवस औषध आणि 7 दिवस सुट्टी. सुट्टीत गाठ वाढणार नाही का? आणि ओळखीचे लोक सांगतात, या औषधावर द्राक्षं बंद करा.

ताई, आधी दुसऱ्या प्रश्नाचं. औषधाच्या माहितीपत्रकात ग्रेपफ्रूट टाळा असं असतं. ते पपनसाच्या जवळचं, लिंबूवर्गातलं फळ. ते मुख्यतः आतड्यातल्या औषध मोडणाऱ्या एका एन्झाइमला अडवतं आणि रक्तात औषध जास्त साठतं. पपनसही टाळलेलं बरं. आपली द्राक्षं त्यात येत नाहीत. आईंना मधुमेह वगैरे असेल तर डॉक्टर काय सांगतील ते वेगळं, पण या औषधासाठी द्राक्षं सोडायचं कारण नाही. सांगलीत राहून हंगामात द्राक्षाला मुकायचं म्हणजे फारच झालं!

आता मुख्य प्रश्न. पेशीने नव्या विभाजनाची तयारी सुरू करायची की नाही, या नाक्यावर आरबी नावाचं प्रथिन असतं. लहान मुलांच्या डोळ्यातल्या रेटिनोब्लास्टोमा या गाठीच्या अभ्यासातून ते सापडलं. आरबी एरवी ई-टू-एफ या प्रथिनाला धरून ठेवतं, त्यामुळे डीएनएची नक्कल करायला लागणारी जनुकं बंद राहतात. सायक्लिन-डी बरोबर आलेली सीडीके-4 आणि सीडीके-6 आरबीवर फॉस्फेट बसवायला लागतात. मग पुढची कायनेजं त्यात भर घालतात. भरपूर फॉस्फेटं बसली की आरबीची पकड सुटते आणि पेशी पुढे जाते. हार्मोनवर पोसल्या जाणाऱ्या स्तनाच्या कर्करोगात हार्मोनच सायक्लिन-डी वाढवत राहतो. पाल्बोसिक्लिब सीडीके-4 आणि 6 मधल्या एटीपीच्या जागी जाऊन बसतं. फॉस्फेट बसत नाही, आरबी पकड सोडत नाही, पेशी नाक्यावरच थांबते. म्हणूनच ते हार्मोन रोखणाऱ्या औषधाबरोबर देतात: एकाने सायक्लिन कमी करायचं, दुसऱ्याने कायनेज अडवायचं. ज्या गाठीत आरबीच उरलेलं नाही तिथे या औषधाचा उपयोग होत नाही, अडवून धरणारंच कोणी नसतं.

सुट्टीचं कारण हाडांच्या मगजात आहे. पांढऱ्या पेशी बनवणाऱ्या पेशींना सीडीके-6 ची फार गरज असते, त्यामुळे औषध चालू असताना न्यूट्रोफिल ही पांढरी पेशी रक्तात कमी होते. जुन्या केमोथेरपीत मगजातल्या पेशी मरतात. इथे त्या बहुतांशी थांबून राहतात, आणि औषध थांबलं की लवकर कामाला लागतात. ते सात दिवस त्यांच्यासाठी. त्या आठवड्यात गाठ मोकाट सुटत नाही: सोबतचं हार्मोनचं औषध सुरूच असतं, आणि अमेरिकेत 2015 मध्ये मान्यता मिळाली ती ज्या चाचणीवर, ती याच 21 अधिक 7 च्या वेळापत्रकावर झाली होती. सलग घेऊन लवकर बरं होऊ, असा हिशेब घरी करू नका. सीबीसीची, म्हणजे रक्तातल्या पेशी मोजायची, तपासणी चुकवू नका, ताप आला तर रात्र काढत बसू नका, लगेच फोन करा. याच गटातलं अबेमासिक्लिब सुट्टीशिवाय रोज घेतात, पण त्याचा त्रास वेगळा, जुलाबाचा. म्हणून शेजारच्या पेशंटचं वेळापत्रक आपल्याला लागू नसतं.

खर्चाबद्दलही तुम्ही लिहिलंय. 2023 मध्ये पाल्बोसिक्लिबचं भारतातलं पेटंट संपलं आणि अनेक कंपन्यांची जेनेरिक औषधं बाजारात आली. डॉक्टरांना स्पष्ट विचारा, त्यात लाजण्यासारखं काही नाही.

प्रश्न (सांगली, मार्केट यार्ड): हळदीतलं कर्क्युमिन कायनेज थांबवतं, म्हणून कर्करोगावर हळद पुरते, असा मेसेज फिरतोय. आपल्या हळदीला 2018 मध्ये जीआय (भौगोलिक मानांकन) मिळालाय, मग हे खरं धरायचं का?

जीआय मिळाला म्हणजे ती सांगलीची आहे, एवढं सिद्ध झालं. राजापुरी हळदीचा रंग आणि वास वादातीत आहे, आणि हळद साठवायच्या हरिपूरच्या जमिनीखालच्या पेवांचा अभिमान मलाही आहे. औषधाचा दावा निराळा असतो.

प्रयोगशाळेत बशीतल्या पेशींवर कर्क्युमिन ओतलं की बरीच कायनेजं मंदावलेली दिसतात, हे खरं. पण ते जवळपास जे समोर ठेवाल त्याच्यावर परिणाम दाखवतं. स्वतः पिवळं आणि चमकणारं असल्यामुळे ते कित्येक चाचण्यांचं मोजमापच बिघडवतं, आणि टिकतही नाही. औषध शोधणारे लोक अशा रेणूकडे संशयानेच बघतात. वर पाल्बोसिक्लिबचं पाहिलंत: शरीरातल्या पाचशेहून जास्त कायनेजांमधली नेमकी दोन निवडून अडवणं, त्यात त्याची किंमत आहे. सगळ्यांनाच थोडं थोडं अडवणारा पदार्थ अंगी लागला असता तर विषच ठरला असता. लागत नाही ते बरंय. खाल्लेल्या कर्क्युमिनचा फारच थोडा भाग रक्तात पोचतो, आणि जो पोचतो तो यकृत लगेच बाहेर काढायच्या तयारीला लागतं.

भाजीतली हळद चालू द्या. कर्क्युमिन आणि मिरीचा अर्क एकत्र असलेल्या कॅप्सूल मात्र कर्करोगाचं औषध चालू असताना डॉक्टरांना न सांगता घेऊ नका. मिरीतलं पाइपरिन यकृतातल्या एन्झाइमांना अडवू शकतं, आणि अशा कॅप्सूलनंतर यकृताला इजा झाल्याच्या नोंदी आहेत.

जाता जाता, हळद आणि पेशीविभाजन यांचा खरा संबंध बियाण्यात आहे. हळद त्रिगुणित आहे, तिच्या पेशीत गुणसूत्रांचे तीन संच, एकूण 63. बीज तयार करणाऱ्या विभाजनात तीन संचांची सारखी वाटणी होत नाही, म्हणून आपण गड्डे लावतो.

प्रश्न (पलूस, एम.एस्सी., नेट परीक्षेची तयारी): फॉस्फटेजवर सगळीकडे दोनच ओळी असतात. ती आपोआप चालूच असतात असं धरलं तर चालेल का?

परीक्षेला 2010 च्या आधी बसला असतात तर चाललं असतं. आता नाही. सीडीके-1 नुसतं फॉस्फेट बसवत सुटलं आणि समोर पीपी-टू-ए हे फॉस्फटेज तेवढ्याच वेगाने काढत राहिलं, तर पेशी एटीपी जाळत जागच्या जागी राहील. म्हणून सीडीके-1 ग्रेटवॉल नावाच्या कायनेजला चालू करतं. ग्रेटवॉल एन्सा या छोट्या प्रथिनावर फॉस्फेट बसवतं, आणि तसं एन्सा पीपी-टू-ए च्या बी-55 रूपाला जाऊन अडकवून ठेवतं. विभाजनापुरतं काढणारं एन्झाइम बाजूला. सायक्लिन-बी नष्ट झालं की ही साखळी उलटी फिरते, पीपी-टू-ए मोकळं होतं, आणि हजारो फॉस्फेटं निघून पेशीचं केंद्रक पुन्हा उभं राहतं. ती सगळी एकदम निघत नाहीत. थ्रिओनिनवरची सेरिनवरच्यांच्या आधी निघतात, कारण पीपी-टू-ए ला थ्रिओनिन जास्त पसंत आहे. बाहेर पडण्याचा क्रम असा काढणाऱ्याच्या आवडीवर चालतो. नेटला यावर प्रश्न येईल की नाही ते सांगता येत नाही, पण मुलाखतीत कोणी विचारलं तर ग्रेटवॉलपासून सुरुवात करा.

प्रश्न (आष्टा): नखं-केस आयुष्यभर वाढतात, मग मेंदूच्या पेशी का विभागत नाहीत? त्यांच्यात फॉस्फेट नसतं का?

असतं, भरपूर असतं. चेतापेशीत कायनेजं सतत कामात असतात, फक्त विभाजनाच्या कामात नसतात. तिथे सायक्लिनं कमी आणि पी-27 सारखी सीडीकेला दाबणारी प्रथिनं पुष्कळ, त्यामुळे पेशी नाक्याच्या अलीकडेच कायमची थांबलेली. यकृताची पेशीही एरवी थांबलेली असते, पण यकृताचा तुकडा कापला तर ती पुन्हा निघते.

प्रश्न (विटा, कनिष्ठ महाविद्यालयातील शिक्षिका): कांद्याच्या मुळाच्या स्लाइडवर मुलांना मेटाफेज (गुणसूत्रं मधोमध रांगेत) सापडतं, पण ॲनाफेज (ती दोन बाजूंना ओढली जाताना) सापडता सापडत नाही. आमचं काही चुकतंय का? आणि मेटाफेजमध्ये पेशी वाट कशाची बघते?

मॅडम, ॲनाफेज कमी दिसणं हेच बरोबर आहे. स्लाइड म्हणजे एका क्षणी थांबवलेल्या पेशी, तेव्हा जी अवस्था जास्त वेळ चालते तिच्या पेशी जास्त दिसणार. ॲनाफेज काही मिनिटांत उरकतं.

मेटाफेजमधली वाट बघणं फुकटचं नसतं. कांद्यात 16 गुणसूत्रं, प्रत्येकाच्या दोन बाजू दोन विरुद्ध ध्रुवांकडून आलेल्या तंतूंना जोडलेल्या हव्यात. एखादं गुणसूत्र सुटं असेल किंवा दोन्ही बाजूंनी एकाच ध्रुवाला जोडलेलं असेल, तर तिथे ताण नसतो. ताण नसला की ऑरोरा-बी नावाचं कायनेज त्या जोडणीतल्या प्रथिनांवर फॉस्फेट बसवतं आणि पकड सैल करतं: सोड, पुन्हा धर. ताण आला की जोडणी ऑरोरा-बी च्या आवाक्याबाहेर ओढली जाते, तिथलं फॉस्फेट काढलं जातं आणि पकड पक्की होते. एक जरी गुणसूत्र सुटं राहिलं तरी तिथून निघणारा थांबा-संकेत सगळ्या पेशीला रोखून धरतो. शेवटचं जुळलं की सायक्लिन-बी नष्ट करणारी यंत्रणा सुटते, आणि जोडीला धरून ठेवणारा बंधही तीच तोडायला लावते.

नुसत्या ओढीने हा संकेत बंद होतो, हे ब्रूस निकलस आणि त्यांच्या सहकाऱ्याने 1995 मध्ये फार सुंदर दाखवलं. प्रार्थना कीटकाच्या शुक्रपेशी तयार होताना कधी कधी एक गुणसूत्र जोडीदाराविना राहतं आणि पेशी तासन्‌तास अडून बसते. त्यांनी काचेची अतिशय बारीक सुई पेशीत घालून ते गुणसूत्र हलकेच ओढून धरलं. पेशीला वाटलं जोडी जुळली, आणि ती पुढे गेली. निकलस यांच्याच गटाने नाकतोड्याच्या पेशींत ओढ दिल्यावर त्या जागेवरचं फॉस्फेट नाहीसं होतं हेही दाखवलं.

तुमच्या स्लाइडचं. मुळं सेंटिमीटर-दीड सेंटिमीटरची असतानाच घ्या, लांब झाली की टोक म्हातारं होतं. टोकाचा फक्त एक-दोन मिलिमीटर भाग ठेवा. मुलं मागचा भाग टाकत नाहीत आणि मग स्लाइडभर लांबट, न विभागणाऱ्या पेशी दिसतात. आम्लात मऊ करायला वेळ द्या, दाबताना कव्हरस्लिप सरकू देऊ नका. आणि चित्र काढायच्या आधी मुलांना दोनशे पेशी मोजून प्रत्येक अवस्थेचा आकडा वहीत मांडायला सांगा. कुठली अवस्था किती वेळ टिकते, ते त्यांना त्या तक्त्यातच दिसेल.